अनोळखी आज्ञावली आणि सुरक्षेची चौकट : जावा ॲप्लेटमधील त्रुटींचा अभ्यास

संगणकाच्या सुरक्षिततेचा विचार करताना आपल्या डोळ्यांसमोर प्रथम येतो तो संगणक-विषाणू, चोरीस गेलेला परवलीचा शब्द किंवा फसवा ई-मेल. याहून अधिक मूलभूत असा एक प्रश्न मात्र सहसा दुर्लक्षित राहतो. आपण एखादे संकेतस्थळ उघडतो तेव्हा तेथून केवळ मजकूर व चित्रे येत नाहीत. त्यांच्यासोबत आज्ञावलीही येते आणि ती आपल्याच संगणकावर चालते. ती कोणी लिहिली, कोणत्या हेतूने लिहिली, हे आपणांस ठाऊक नसते. अशा अनोळखी आज्ञावलीला काम तर करू द्यायचे, परंतु आपल्या फायलींपर्यंत पोहोचू द्यायचे नाही, हे साधावे कसे?

या प्रश्नाचे सर्वांत महत्त्वाकांक्षी उत्तर जावा या संगणकीय भाषेने दिले, आणि त्या उत्तराच्या अपयशाचा इतिहासही तितक्याच तपशिलाने उपलब्ध आहे. संघ लोकसेवा आयोगाच्या मुख्य परीक्षेत सामान्य अध्ययनाच्या तिसऱ्या प्रश्नपत्रिकेत सायबर सुरक्षेच्या मूलतत्त्वांचा समावेश आहे. केवळ संस्थांची नावे व कायद्याची कलमे पाठ करून या घटकाला न्याय देता येत नाही. त्रुटी म्हणजे नेमके काय आणि ती हानीत कशी परिवर्तित होते, याची एक तरी साखळी अथपासून इतिपर्यंत समजून घेतली पाहिजे. प्रस्तुत लेखाचा तोच हेतू आहे.

ओसरीवरचा पाहुणा

अमेरिकेतील सन मायक्रोसिस्टिम्स या कंपनीने २३ मे १९९५ रोजी जावा भाषेची घोषणा केली. जेम्स गॉस्लिंग हे तिचे प्रमुख रचनाकार. त्याच वर्षी नेटस्केप कंपनीने आपल्या ब्राउझरमध्ये जावाचा अंतर्भाव करण्याचे ठरविले. संकेतस्थळावरून ब्राउझरमध्ये येऊन चालणाऱ्या जावा आज्ञावलीला 'ॲप्लेट' असे नाव मिळाले. (जावास्क्रिप्ट ही सर्वस्वी वेगळी भाषा आहे. नावातील साम्य हे १९९५ च्या व्यापारी गरजेतून आले. परीक्षार्थींनी या दोहोंत गल्लत करू नये.)

ॲप्लेटसाठी जी बंदिस्त चौकट आखण्यात आली तिला 'सँडबॉक्स' म्हणतात. आपल्याकडील जुन्या घरांच्या रचनेवरून ही कल्पना सहज ध्यानात येईल. अनोळखी माणसाला ओसरीवर बसू द्यावे, पाणी द्यावे. माजघरात मात्र त्याला प्रवेश नाही. ॲप्लेटला पडद्यावर चित्र काढता येत होते, आकडेमोड करता येत होती, आणि ज्या संगणकावरून ते आले त्याच्याशी संपर्क साधता येत होता. वापरकर्त्याच्या फायली वाचणे, त्यांत बदल करणे किंवा अन्य आज्ञावली सुरू करणे यांस मनाई होती.

ही मनाई अमलात आणण्यासाठी तीन पहारेकरी नेमलेले होते. पहिला 'बाइटकोड पडताळक'. जावाची आज्ञावली संगणकाच्या मूळ यंत्रभाषेत येत नाही. ती बाइटकोड नावाच्या मधल्या भाषेत येते आणि जावाचे आभासी यंत्र ती चालविते. चालविण्यापूर्वी ती नियमांत बसते की नाही, हे पडताळक तपासतो. दुसरा 'क्लास लोडर'. आज्ञावलीचा कोणता भाग कोठून आला आणि कोणत्या नावाने ओळखावयाचा, हे तो ठरवितो. तिसरा 'सुरक्षा व्यवस्थापक'. फाइल उघडण्यासारखी संवेदनशील मागणी आली की परवानगी आहे की नाही, हे तो पाहतो. पहिले दोघे चुकले तर तिसऱ्याला काही अर्थ उरत नाही, कारण सुरक्षा व्यवस्थापक हा स्वतः त्याच स्मृतीत वसलेला जावाचाच एक घटक आहे.

प्रकारांचा घोटाळा

या संपूर्ण इमारतीचा पाया 'प्रकार-सुरक्षा' हा आहे, आणि जावाच्या ज्या त्रुटींनी सर्वाधिक हानी केली त्यांतील अनेक याच पायाशी निगडित होत्या. म्हणून येथे थोडे थांबणे आवश्यक आहे.

संगणकाच्या स्मृतीत सर्व काही अंकच असतात. त्या अंकांचा अर्थ त्यांना दिलेल्या प्रकारावरून ठरतो. एखाद्या कार्यालयात दोन छापील नमुने आहेत, असे समजू. पहिल्या नमुन्यातील तिसरा रकाना 'पत्ता' हा असून तो अर्जदाराने स्वतः भरावयाचा आहे. दुसऱ्या नमुन्यातील तिसरा रकाना 'मंजुरी' हा असून तो केवळ अधिकाऱ्याने भरावयाचा आहे. आता दुसरा नमुना पहिल्याच्या वेष्टनात घालून अर्जदाराच्या हाती दिला गेला, तर काय होईल? अर्जदार नियमानुसार तिसऱ्या रकान्यात लिहील. नियम मोडला, असे कोणासही वाटणार नाही. आणि प्रत्यक्षात मंजुरी लिहिली जाईल. एकच वस्तू दोन वेगवेगळ्या प्रकारांची आहे, असे आभासी यंत्राला भासविणे, यालाच 'प्रकार-संभ्रम' म्हणतात. तो साधला की खासगी राखलेले रकाने खुले होतात आणि सुरक्षा व्यवस्थापक बंद करणारा रकानाही त्यांतच असतो.

असे घडू शकते, हे प्रारंभीच सिद्ध झाले होते. प्रिन्स्टन विद्यापीठातील ड्रू डीन, एडवर्ड फेल्टन व डॅन वॉलॅक यांनी १९९६ मध्ये जावाच्या सुरक्षेची पद्धतशीर चिकित्सा केली. त्यांच्या कामातील दोन निष्कर्ष विशेष उद्बोधक आहेत. ॲप्लेटने केवळ आपल्या मूळ संगणकाशीच संपर्क साधावा, असा नियम होता; परंतु तो तपासताना संगणकाच्या नावावरून मिळणाऱ्या अंकीय पत्त्यांच्या यादीवर विश्वास ठेवला जात असे. नावाची नोंद ज्याच्या ताब्यात, तो त्या यादीत स्वतःच्या पत्त्याबरोबर बळीच्या कार्यालयातील अंतर्गत संगणकाचा पत्ताही घालू शकत असे. यादीतील एक पत्ता जुळला की नियमाचे समाधान होई, आणि बाहेरच्या भिंतीआड सुरक्षित समजलेल्या संगणकाशी ॲप्लेट बोलू लागे.

दुसरी त्रुटी अधिक खोल होती. ॲप्लेटने स्वतःचा क्लास लोडर निर्माण करू नये, असा नियम होता. निर्मितीचा प्रयत्न झाल्यास हरकत घेतली जाई आणि काम तेथेच थांबणे अपेक्षित असे. परंतु ती हरकत मध्येच अडवून अर्धवट तयार झालेली वस्तू हाताशी ठेवण्याची युक्ती पडताळकाच्या लक्षात येत नव्हती. वस्तू अपूर्ण असली तरी वापरण्याजोगी होती. ती हाती आली की एकाच नावाचे दोन भिन्न प्रकार निर्माण करता येत आणि वर वर्णिलेला संभ्रम घडविता येई. म्हणजेच ब्राउझरमध्ये केवळ एक पान उघडल्याने अनोळखी आज्ञावलीस संगणकावर हवे ते करता येत होते. या विशिष्ट त्रुटी त्याच वर्षी दूर करण्यात आल्या. मात्र संशोधकांचा मूळ आक्षेप कायम राहिला : सुरक्षेचे नियम एका ठिकाणी, स्पष्ट शब्दांत मांडलेले नाहीत, ते आज्ञावलीभर विखुरलेले आहेत, त्यामुळे सर्व काही बरोबर आहे, असे निश्चयाने सांगता येत नाही.

एकोणपन्नास दिवस

जानेवारी २०१० मध्ये ओरॅकल कंपनीने सन मायक्रोसिस्टिम्सचे अधिग्रहण पूर्ण केले. तोपर्यंत संकेतस्थळांच्या सजावटीतून ॲप्लेट बरेचसे हद्दपार झाले होते. तथापि जावाचे जोडसाधन कोट्यवधी ब्राउझरमध्ये तसेच राहिले होते. वापर घटलेला, पण दरवाजा उघडाच, अशी ही स्थिती होती.

सीव्हीई-२०१२-०५०७ या क्रमांकाने नोंदलेली त्रुटी या पार्श्वभूमीवर पाहावी. जावाच्या ग्रंथालयात एकाच वेळी अनेक कामांना सुरक्षितपणे वापरता येणारी वस्तूंची एक रांग आहे. ती वेगाने चालावी म्हणून तिच्या आतील लेखन हे प्रकाराची तपासणी न करता, थेट स्मृतीत केले जात असे. रांग सर्वसामान्य वस्तूंची असेल तर त्यात धोका नव्हता, आणि ती तशीच असणार, असे गृहीत धरलेले होते. परंतु साठवून ठेवलेल्या बाइट्सपासून वस्तू पुन्हा उभी करण्याची सोय जावात आहे. हल्लेखोराने असे बाइट्स हाताने रचले की, त्या रांगेच्या पोटात त्याची स्वतःची, विशिष्ट प्रकारची रांग बसली. मग तिच्यात भलत्याच प्रकारची वस्तू, म्हणजे ब्राउझरने दिलेला खरा क्लास लोडर, ठेवून ती आपल्या प्रकारची म्हणून बाहेर काढली, की चौकट मोडली. दोष एका गृहीतकाचा होता, आणि तो दूर करण्यासाठी एक तपासणी पुरेशी होती.

ओरॅकलने १४ फेब्रुवारी २०१२ रोजी ही दुरुस्ती प्रसिद्ध केली. विंडोजच्या वापरकर्त्यांना ती थेट मिळू शकत होती. ॲपलच्या मॅक संगणकांवर मात्र जावाची आवृत्ती त्या काळी ॲपल कंपनी स्वतः तयार करून वितरित करीत असे, आणि ॲपलची दुरुस्ती आली ३ एप्रिल २०१२ रोजी. मधल्या ४९ दिवसांत त्रुटी जगजाहीर होती, तिचे औषधही अस्तित्वात होते. केवळ मॅकच्या वापरकर्त्यांना ते उपलब्ध नव्हते.

'फ्लॅशबॅक' या घातक आज्ञावलीने हीच फट गाठली. २०११ मध्ये ती प्रथम आढळली तेव्हा फ्लॅश प्लेअरचे बनावट स्थापनासाधन म्हणून वावरत होती व वापरकर्त्याने फसून तिला स्वतः आत घ्यावे लागत असे. जावाच्या त्रुटीमुळे २०१२ मध्ये ती गरजही उरली नाही. बाधित पान उघडणे पुरेसे होते. रशियातील डॉक्टर वेब या विषाणूरोधक कंपनीने एप्रिलच्या प्रारंभी बाधित मॅक संगणकांची संख्या साडेपाच लाखांहून अधिक असल्याचे जाहीर केले आणि लवकरच तो आकडा सहा लाखांवर गेला. मॅकला विषाणूंची बाधा होत नाही, हा तोवरचा लोकप्रिय समज या प्रकरणानंतर टिकला नाही.

येथे दोन संज्ञांतील भेद नीट समजून घ्यावा. निर्मात्याला माहीत नसलेल्या अथवा ज्यावर दुरुस्तीच निघालेली नाही अशा त्रुटीचा वापर झाला, तर तिला 'शून्य-दिवस त्रुटी' म्हणतात. मूळ जावाच्या दृष्टीने फ्लॅशबॅकने वापरलेली त्रुटी शून्य-दिवस नव्हती. दुरुस्ती निघणे आणि ती शेवटच्या संगणकापर्यंत पोहोचणे यांतील अंतराचा तो परिणाम होता. प्रस्तुत लेखकाच्या मते धोरणाच्या दृष्टीने हा दुसरा प्रकारच अधिक विचारणीय आहे, कारण येथे अज्ञानाची सबब उरत नाही.

शिफारशीचा गैरवापर

प्रकार-संभ्रमाव्यतिरिक्त आणखी एका मार्गाने चौकट भेदली गेली. सुरक्षा व्यवस्थापकाकडे मागणी आली की ती कोणी केली, त्याला कोणी सांगितले, त्याला पुन्हा कोणी, अशी संपूर्ण साखळी तपासली जाते. साखळीतील प्रत्येक दुव्याला परवानगी असली तरच काम होते. अनोळखी ॲप्लेटने विश्वासू ग्रंथालयामार्फत मागणी केली तरी साखळीच्या टोकाला ॲप्लेट दिसते आणि मागणी फेटाळली जाते. तत्त्व उत्तम आहे. परंतु जावातील काही जुन्या सुविधा वेगासाठी म्हणा वा सोयीसाठी, साखळी न पाहता केवळ शेवटच्या दुव्याकडे पाहत. मोठ्या साहेबांच्या कार्यालयातून कागद आला, एवढ्यावर पुढच्या टेबलाने सही करावी, त्यातलाच हा प्रकार.

ऑगस्ट २०१२ मध्ये उघडकीस आलेल्या सीव्हीई-२०१२-४६८१ या त्रुटीत हेच घडले. जावा ७ मधील एका विश्वासू घटकाकरवी ॲप्लेटने निषिद्ध वर्ग मागवून घेतला आणि त्याच्या साहाय्याने सुरक्षा व्यवस्थापकच बंद केला. पोलंडमधील एका सुरक्षा संशोधन कंपनीने या त्रुटींची माहिती ओरॅकलला एप्रिल २०१२ मध्येच दिली होती. हल्ले सुरू झाल्यावर ३० ऑगस्टला तातडीची दुरुस्ती काढण्यात आली.

जानेवारी २०१३ मध्ये पुन्हा तशीच वेळ आली. अमेरिकेच्या अंतर्गत सुरक्षा विभागाच्या संगणक आणीबाणी पथकाने, अत्यावश्यक नसेल तर ब्राउझरमधील जावा बंदच ठेवावे, असा सल्ला दिला आणि दुरुस्ती निघाल्यावरही तो मागे घेतला नाही. एका सरकारी यंत्रणेने एवढ्या प्रचलित उत्पादनाविषयी असे सांगावे, ही असामान्य बाब होती. फेब्रुवारी २०१३ मध्ये फेसबुक व ॲपल या दोन्ही कंपन्यांनी, जावाच्या त्रुटीमार्फत आपल्या काही संगणकांत शिरकाव झाल्याचे एकापाठोपाठ मान्य केले.

भारतातील बाजू

या काळात आपल्या देशात वेगळीच अडचण उभी राहिली होती. माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० हा १७ ऑक्टोबर २००० पासून अमलात आला आणि त्याने अंकीय स्वाक्षरीला कायदेशीर मान्यता दिली. पुढे कंपन्यांची विवरणपत्रे, ई-निविदा यांसाठी या स्वाक्षरीचा वापर वाढत गेला. स्वाक्षरीची गुप्त किल्ली यूएसबी टोकनमध्ये असते. ब्राउझरमधील साध्या पानाला त्या टोकनपर्यंत पोहोचता येत नाही. म्हणून निर्मात्याची स्वाक्षरी असलेले ॲप्लेट वापरण्याची पद्धत रूढ झाली. वापरकर्त्याने 'चालवा' असे म्हटले की असे ॲप्लेट चौकटीबाहेर, पूर्ण अधिकारांनिशी चालते. अर्थात येथे सँडबॉक्सचे संरक्षण नव्हतेच. होता तो केवळ नावावरचा विश्वास.

परिणाम असा झाला की, जगभर 'जावा बंद करा' असे सांगितले जात असताना ई-निविदा भरणाऱ्या ठेकेदाराला किंवा सनदी लेखापालाच्या कार्यालयाला जावा चालू ठेवण्यावाचून पर्याय नव्हता. अनेक संकेतस्थळांच्या सूचनांमध्ये जावाची ठरावीक आवृत्तीच ठेवण्यास सांगितलेले असे. जानेवारी २०१४ च्या आवृत्तीपासून जावाने स्वाक्षरीविना आलेली ॲप्लेट आपोआप अडविण्यास सुरुवात केली, तेव्हा संबंधित संकेतस्थळाचे नाव 'अपवाद यादी'त घालण्याचे मार्गदर्शनही ओघाने आले. निविदेची मुदत संध्याकाळी संपत असताना सुरक्षा-सूचना वाचत बसण्याची अपेक्षा कोणाकडून करावी? शासकीय सेवा ज्या साधनावर उभी राहते, त्या साधनाच्या आयुर्मानाचा हिशेब सेवेच्या आराखड्यातच असावा लागतो. तो नसेल तर असुरक्षिततेचा भार शेवटी नागरिकाच्या संगणकावर पडतो. पुढे स्वतंत्र स्वाक्षरी-साधने आली, तसेच २०१५ मध्ये आधारवर आधारित ई-स्वाक्षरीचा पर्यायही उपलब्ध झाला.

संस्थात्मक रचनेविषयी थोडक्यात. भारतीय संगणक आणीबाणी प्रतिसाद पथक, म्हणजेच सर्ट-इन, जानेवारी २००४ पासून कार्यरत आहे. अधिनियमात २००८ मध्ये झालेली दुरुस्ती २७ ऑक्टोबर २००९ पासून लागू झाली आणि कलम ७०-ब अन्वये या पथकाला राष्ट्रीय यंत्रणेचा दर्जा मिळाला. महत्त्वपूर्ण माहिती पायाभूत संरचनेच्या संरक्षणासाठीचे राष्ट्रीय केंद्र कलम ७०-अ अन्वये जानेवारी २०१४ मध्ये अधिसूचित झाले. सर्ट-इनच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार विहित सायबर घटनांची माहिती ६ तासांच्या आत कळविणे व प्रणालींच्या नोंदी १८० दिवस जतन करणे बंधनकारक आहे. कलम ४३ मध्ये अनधिकृत प्रवेश व हानी यांबद्दल भरपाईची तरतूद आहे. तेच कृत्य अप्रामाणिकपणे किंवा कपटाने केल्यास कलम ६६ अन्वये ३ वर्षांपर्यंत कारावास, ५ लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. येथे एक बाब सहज निसटते : ही कलमे हल्लेखोराविषयी बोलतात, दुरुस्ती देण्यास विलंब करणाऱ्या निर्मात्याविषयी नव्हे.

ॲप्लेटनंतर

ब्राउझर-निर्मात्यांनी शेवटी निर्णय घेतला. सप्टेंबर २०१५ मध्ये क्रोमने आणि मार्च २०१७ मध्ये फायरफॉक्सने अशा जोडसाधनांचा आधार काढून घेतला. ओरॅकलने २०१८ च्या जावा ११ मधून ब्राउझरचे जोडसाधन वगळले. सुरक्षा व्यवस्थापक हा घटक २०२१ मध्ये कालबाह्य घोषित झाला आणि मार्च २०२५ च्या जावा २४ मध्ये कायमचा निष्क्रिय करण्यात आला. यावरून जावा भाषाच असुरक्षित होती, असा निष्कर्ष मात्र काढू नये. बँका, विमा कंपन्या व शासकीय प्रणाली यांच्या सर्व्हरवर ती आजही मोठ्या प्रमाणावर वापरली जाते. तेथे चालणारी आज्ञावली संस्थेच्या विश्वासातील असते. फसला तो अनोळखी आज्ञावलीला विश्वासू आज्ञावलीशेजारी, एकाच स्मृतीत, केवळ नियमांच्या बळावर नांदविण्याचा प्रयोग.

आजच्या ब्राउझरांची मांडणी म्हणूनच निराळी आहे. २००८ मध्ये आलेल्या क्रोमने पानांसाठी स्वतंत्र प्रक्रिया वापरल्या आणि त्यांचे अधिकार संगणकाच्या कार्यप्रणालीकडूनच कमी करून घेतले. प्रक्रियकांमधील 'स्पेक्टर' ही त्रुटी जानेवारी २०१८ मध्ये प्रकाशात आल्यावर, एका संकेतस्थळाची पाने दुसऱ्याच्या प्रक्रियेत न ठेवण्याची पद्धत त्याच वर्षी क्रोमच्या संगणकीय आवृत्त्यांत सर्वसाधारण करण्यात आली. आतली भिंत पडली तरी बाहेरची उभी राहावी, असा हा विचार आहे. आतली भिंत पडते, हे मात्र खरेच आहे. क्रोममधील जावास्क्रिप्ट चालविणाऱ्या व्ही-८ या यंत्रणेत सप्टेंबर २०२५ मध्ये दुरुस्त झालेली सीव्हीई-२०२५-१०५८५ ही त्रुटी प्रकार-संभ्रमाचीच होती आणि दुरुस्तीपूर्वी तिचा गैरवापर सुरू झाला होता. अशी दुरुस्ती आता वापरकर्त्याच्या संगणकावर आपोआप उतरते. परंतु ब्राउझर बंद करून पुन्हा उघडेपर्यंत ती लागू होत नाही, आणि आठवडेच्या आठवडे ब्राउझर उघडाच ठेवलेले संगणक कार्यालयांत अजूनही दिसतात.